नाटक थोडेच लोक पाहतात, तर सरकारने त्यावर पैसा का खर्च करावा?

कापसाला भाव मिळत नाही, गावांना उन्हाळ्यात पाणी पुरत नाही, अशा स्थितीत मूठभर लोकांच्या हौसेसाठी करदात्यांचा पैसा का वापरावा, असा आपला प्रश्न आहे. मी धुळे जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आहे आणि बावीस वर्षे एका हौशी नाट्यसंस्थेत काम करतो; त्यामुळे आपण मांडलेल्या दोन्ही गरजा मी घरातच पाहिल्या आहेत. माझे मत असे, की हा खर्च अवश्य करावा, मात्र तो इमारतींपेक्षा तालमींवर अधिक व्हावा.

चांगले नाटक स्वतःच्या तिकिटांवर चालायला हवे, हे ऐकायला योग्य वाटते. पण मराठी रंगभूमीचा इतिहास वेगळे सांगतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने, आणि 1851 साली तो आश्रय संपल्यावर त्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. बालगंधर्वांचे उदाहरण तर आमच्या अगदी जवळचे आहे. त्यांचे लहानपणीचे काही शिक्षण जळगावात झाले आणि तिथल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. ज्यांच्या नाटकांना महाराष्ट्रभर गर्दी होत असे, त्यांची 1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळीही मोठ्या कर्जात सापडली होती. थाटामाटावर त्यांनी फार खर्च केला हे खरे, पण तेवढेच कारण धरून चालणार नाही.

खरे कारण विल्यम बोमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी 1966 साली मांडले. आमच्याकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, पूर्वी अनेक हातांना दिवसभर पुरणारे काम आज यंत्र थोड्या वेळात उरकते. मात्र बारा पात्रांच्या दोन तासांच्या नाटकाला आजही बाराच माणसे आणि दोनच तास लागतात, आणि बाकी सगळीकडे मजुरी वाढत जाते तशी या माणसांच्या पोटाची किंमतही वाढते. चित्रपट एकदा तयार झाला की हजार ठिकाणी दाखवता येतो. नाटक दर वेळी नव्याने उभे करावे लागते, आणि त्याचे मोल ज्या जिवंतपणात आहे तोच त्याला महाग करतो. ही तूट तिकिटातून भरायची ठरवली, तर तिकीट आपण ज्यांची काळजी करता त्याच माणसाच्या आवाक्याबाहेर जाते.

खान्देशात याचा अर्थ काय होतो? केवळ बाजारावर सोपवले, तर धुळ्या-जळगावला वर्षातून काही वेळा मुंबईचे नाटक येईल, मालिकांमधले ओळखीचे चेहरे दिसतील आणि रात्रीच त्या मंडळींची बस परत जाईल. त्या नाटकांविषयी माझी तक्रार नाही. मी ती आवडीने पाहतो. पण अहिराणीत बोलणारे नाटक मुंबईचा कोणताही निर्माता काढणार नाही. ते इथेच लिहावे, इथेच बसवावे लागते. शासनाची हौशी नाट्यस्पर्धा 1954 पासूनची आहे, आणि तिचे केंद्र जळगावला असल्यामुळे आमच्यासारख्या संस्थांना वर्षातून एकदा तरी पुरा रंगमंच, प्रकाशयोजना आणि जाणता परीक्षक मिळतो. आमच्या एका प्रयोगात बाजार समितीतल्या एका हमालाने बापाची भूमिका केली होती. शहरातून परतलेला बाप अंधारात म्हाताऱ्या आईला फक्त ‘माय, तू जेवनी का?’ एवढेच विचारतो. त्या वाक्याला सभागृहात जी शांतता पसरली, ती मी नंतर कुठल्याही मोठ्या नाटकात अनुभवली नाही. ती माणसे पहिल्यांदा आपली घरातली भाषा रंगमंचावरून ऐकत होती.

सरकारी पैसा घेणारा सरकारविरुद्ध कसा बोलेल, हेही आपण विचारले आहे. ही भीती मी खोटी ठरवणार नाही, कारण आपल्या राज्यात नाटकाची संहिता प्रयोगाआधी शासनाच्या परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून मंजूर करून घ्यावी लागते आणि लेखकाचा हात त्या विचारानेच आखडतो. तरीही सत्तेचा व्यवहार उघडा करणारे ‘घाशीराम कोतवाल’ 1972 साली राज्य नाट्यस्पर्धेसाठीच बसवले गेले होते, हे विसरू नये. पैसा देणारा आणि नाटक निवडणारा हे दोघे वेगळे असले, तर असे घडू शकते.

तमाशाचे उदाहरण देऊन आपण म्हणता की तो अनुदानाशिवाय जगतो. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूपुढची गर्दी मीही पाहिली आहे, आणि लोक कलेसाठी पैसे मोजतात हे त्यातून दिसतेच; पण कोरोनाच्या काळात यात्रा बंद पडल्या तेव्हा अनेक फड सावकाराच्या दारात गेले. पीक बुडाल्यावर शेतकऱ्याला मदत मागण्याचा जो हक्क आपण मानतो, तो त्या कलावंतालाही असावा.

खर्चाच्या पद्धतीवर मात्र माझा आक्षेप आहे. कोट्यवधींचे नाट्यगृह बांधले जाते आणि त्याचे एका दिवसाचे भाडे हौशी संस्थेच्या वर्षभराच्या वर्गणीला गिळते, म्हणून ते लग्नसमारंभांना आणि सत्कारांना मिळते. आमच्या तालमी एका शाळेच्या वर्गात, रात्री आठनंतर, बाक भिंतीला लावून होतात. तालुक्याच्या गावी तालमीपुरती एक खोली, भाड्यात हौशी संस्थांना सवलत, नेपथ्याच्या टेम्पोचे भाडे आणि अहिराणी, भिली, पावरी बोलींतल्या नव्या संहितांना थोडे मानधन, एवढे झाले तरी नंदुरबारपासून रावेरपर्यंत दरवर्षी नवी नाटके उभी राहतील. आणि त्यासाठी लागणारी रक्कम एका नाट्यगृहाच्या बांधकामापुढे अगदीच किरकोळ आहे.