शरीर या विषयावरचं तुझं कलाकाम चर्चमध्ये पहिल्यांदाच लावतोयस ना?

अरे मस्त, लाव नक्की! आधी ओल्ड गोव्याला बॉम जेझू चर्चमध्ये तासभर नुसता बस, चांदीच्या पेटीत सेंट झेवियरचं शरीर, शिवाय चर्चमध्ये क्रूसावरचा येशू असतोच, म्हणजे शरीर हा विषय तिथे तू नव्याने आणत नाहीयेस. वांद्र्याच्या मोतमावलीला (माउंट मेरी चर्च) लोक मेणाचे हात-पाय वाहतात, तेही बघच.

नवीन लोक इथे चुकतात:
- फादरना स्केच न दाखवता थेट काम घेऊन जातात
- जुन्या चुन्याच्या भिंतीत खिळा ठोकतात, अजिबात नको, स्टँड कर
- उगाच धक्का द्यायला बघतात. त्यापेक्षा हे बघ, व्हिडिओ कलाकार बिल व्हायोलाचं 'मार्टर्स' (हुतात्मे) २०१४ ला लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये लागलं, चार उभे स्क्रीन, माती-वारा-आग-पाणी अंगावर झेलणारी माणसं, आरडाओरडा काही नाही

लाईटचं नंतर बोलू, आधी फादरना भेट.