खुणा नसलेला किनारा मोजायचा कसा?

प्रश्न : आर्क्टिकचा किनारा दरवर्षी काही मीटर झिजतो असं वाचलं. तिथे ना रस्ता ना घर, मग मोजतात कशावरून?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नेमकं विचारलंस, बाळा. मी नागपुरात सर्वेक्षण शिकवते. कन्हानच्या काठावर माझी मुलं कडेपासून आत खुंटी ठोकतात, अंतर घेतात, पावसाळ्यानंतर पुन्हा मोजतात. आर्क्टिकमध्येही हेच चालतं, जोडीला काही सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस.

पण खरा खजिना म्हणजे जुनी हवाई छायाचित्रं. उत्तर अलास्काची १९४०-५०च्या दशकांतली छायाचित्रं आजच्या उपग्रह आणि ड्रोनच्या चित्रांवर बसवतात. त्यासाठी दोन्हींत न हललेले बिंदू हवेत. चौक नाही, देऊळ नाही. म्हणून जमिनीतल्या बर्फाच्या पाचरींनी (भेगांत पाणी गोठून झालेल्या उभ्या पट्ट्यांनी) टुंड्रावर, म्हणजे तिथल्या झाडं नसलेल्या गोठलेल्या मैदानावर, जे बहुकोन आखले आहेत, त्यांचे कोपरे धरतात. मला हे फार सुंदर वाटतं! मग रेषा काढायची ती कड्याच्या माथ्याची; पाण्याची कड वादळात सरकते.

सगळ्या आर्क्टिक किनाऱ्याच्या झिजेची सरासरी वर्षाला साधारण अर्धा मीटर. अलास्कातल्या ड्रू पॉइंटला मात्र २००७ ते २०१६ या काळात ती सुमारे १७ मीटर होती. तिथे उन्हाळी लाटा गोठलेल्या कड्याचा पायथा वितळवून आत खोबण कोरतात आणि वरचा अख्खा ठोकळा समुद्रात कोसळतो. समुद्रावरचा बर्फ आता उशिरा धरतो, त्यामुळे लाटांना जास्त दिवस मिळतात. ड्रोनच्या त्रिमितीय चित्रांतून किती घनमीटर माती गेली, हेही काढता येतं.