इतिहासाला दिशा कुठून मिळाली?

प्रश्न : इतिहास टप्प्याटप्प्याने पुढे जातो, या जर्मन तत्त्वज्ञ हेगेल-मार्क्सच्या विचाराचं मूळ ख्रिस्ती धर्मात आहे असं वाचलं. पण टप्पे तर आपल्या चार युगांतही आहेत. मग फरक काय?

उत्तर : आपली युगं फिरून येतात. ४३,२०,००० वर्षांच्या महायुगातली कलीची ४,३२,००० वर्षं संपली की पुन्हा कृतयुग. ग्रीकांकडेही अशी चक्रं होती, आणि ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनचा वाद त्यांच्याशीच होता. ४१० साली अलारिकच्या गॉथांनी रोम लुटलं. जुने देव सोडल्याचं हे फळ, अशी ओरड झाली. ४१३च्या सुमारास ऑगस्टीन उत्तरादाखल ‘ईश्वराचं नगर’ हा ग्रंथ लिहायला बसला, तो २२ भागांवर गेला. बाराव्या भागात तो विचारतो, प्लेटो त्याच अथेन्समध्ये त्याच शिष्यांना पुन्हापुन्हा शिकवत राहणार का? ख्रिस्त एकदाच मेला, म्हणून काळ मागे वळत नाही.

मात्र प्रगतीची कल्पना ऑगस्टीनच्या नावावर घालू नका; ही चूक फार होते. त्याच्या लेखी राज्यं येतात नि जातात, त्यांतून स्वर्गाचा जिना बनत नाही. पृथ्वीवरच पुढे चांगला काळ येणार, हे सांगितलं इटलीतल्या कालाब्रियाच्या योआकिम या मठाधिपतीने (मृत्यू १२०२). पित्याचं युग, पुत्राचं युग, मग पवित्र आत्म्याचं. त्याचा हिशेब बघा. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदाच्या तीन माळा, म्हणजे ४२ पिढ्या (नावं मोजायला गेलं तर ४१च भरतात!). पिढीला ३० वर्षं धरली की १२६०, आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणातही १२६० दिवसच आहेत. अनुयायांनी त्यावरून आत्म्याचं युग सुरू होण्याचं साल १२६० हेच धरलं. ते आलं नि गेलं. तीन पायऱ्यांचा साचा तेवढा टिकला.

जर्मन लेखक लेसिंगने १७८०मध्ये मानवजातीच्या शिक्षणावर लिहिताना तेराव्या-चौदाव्या शतकातल्या अशा लोकांचा आदराने उल्लेख केला : त्यांची चूक एवढीच, की त्यांनी घाई केली. ‘इतिहासाचं तत्त्वज्ञान’ हा शब्दप्रयोग फ्रेंच लेखक व्होल्तेरने १७६५मध्ये रूढ केला तो ईश्वरी योजना बाजूला सारण्यासाठी. पण हेगेलने त्याच विषयावरच्या व्याख्यानांच्या शेवटी इतिहासालाच ईश्वराच्या न्यायाचं समर्थन म्हटलं.

ख्रिस्ती विचारापासून हेगेल-मार्क्सपर्यंतची ही सगळी साखळी जर्मन तत्त्वज्ञ कार्ल लोविटने १९४९मध्ये मांडली. दुसरा जर्मन तत्त्वज्ञ ब्लुमेनबर्ग याने १९६६मध्ये तिला हरकत घेतली : धर्मातला शेवट बाहेरून येऊन काळ थांबवतो, प्रगती मात्र माणसाच्या ज्ञानातून, आतून वाढते. आमच्या मते लेसिंग आणि हेगेलपुरतं लोविटचं म्हणणं टिकतं, कारण त्यांच्याच लिखाणात दुवे आहेत. मार्क्सच्या बाबतीत हाती लागतं ते केवळ साम्य, आणि साम्यावरून मूळ ठरवता येत नाही.