डॉलर चढतोय म्हणून आयात मशीन आत्ताच घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भरतकामाच्या व्यवसायासाठी कॉम्प्युटराइज्ड एम्ब्रॉयडरी मशीन घ्यायचं आहे. आयात मशीन देशी मशीनपेक्षा 20 टक्के महाग आहे. विक्रेता म्हणतो, "डॉलर चढतोय, पंधरा दिवसांत भाव वाढेल." म्हणून सहा महिन्यांच्या घरखर्चासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात घालायचा तुमचा विचार आहे.

ते पैसे मोडू नका. बाकीचा हिशोब त्यानंतर.

पुढच्या महिन्यात डॉलर कुठे असेल, हे विक्रेत्याला ठाऊक नाही आणि मलाही नाही. रिचर्ड मीझ आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी 1983 मध्ये विनिमय दराची तेव्हाची मॉडेल्स तपासली. वर्षभराच्या आतल्या अंदाजात "उद्याचा दर आजच्याइतकाच" या साध्या गृहीतकापेक्षा ती सरस ठरली नाहीत.

तरी विक्रेत्याचं म्हणणं खरं धरू. देशी मशीन 100 ला, आयात 120 ला. डॉलर 10 टक्के महागला आणि आयात मशीनच्या किमतीतला 60 टक्के भाग परदेशी कंपनीला जात असेल, तर ते साधारण 127 ला पडेल. आयात शुल्क मूल्यावर लागत असेल तर आणखी थोडं वर. देशी मशीनही यातून पूर्ण सुटत नाही, कारण त्याची मोटर आणि कंट्रोल बोर्ड बरेचदा बाहेरून येतात. त्यांचा वाटा 30 टक्के असेल तर ते 103 होईल. म्हणजे सातची वाढ चुकवायला तुम्ही आज वीस जास्त मोजणार आहात. हा सौदा मला पटत नाही.

मात्र देशी कंपनीचा भाव जागच्या जागी राहील असंही समजू नका. अमेरिकेने 2018 मध्ये आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क लावलं, तेव्हा तिथे वॉशिंग मशीनचे भाव साधारण 12 टक्के वाढले. देशी कंपन्यांनीही आपले भाव वाढवले. ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तेही जवळपास तेवढेच महागले, कारण दोन्ही जोडीने विकले जातात. परदेशी स्पर्धक महाग झाला की देशी कंपनीला भाव वाढवायला मोकळीक मिळते. उलटही घडतं. सप्टेंबर 1985 मध्ये अमेरिका, जपान आणि आणखी तीन देशांनी डॉलर उतरवण्यासाठी प्लाझा करार केला. त्यानंतर दीड वर्षात डॉलर सुमारे 240 येनवरून 150 च्या आसपास आला. येन महागल्याने जपानी माल अमेरिकेत महाग व्हायला हवा होता, पण अनेक जपानी कंपन्यांनी अमेरिकेतले भाव त्या प्रमाणात वाढवले नाहीत; ग्राहक टिकवायला त्यांनी नफा कमी केला. त्यामुळे परदेशी चलन चढलं की आयात मालाचा भाव तेवढाच चढतो, हे गणित दुकानात तसंच उतरत नाही.

विक्रेत्याला एक गोष्ट जरूर विचारा: मशीन गोदामात आहे की मागवायचं आहे? गोदामात असेल तर ते जुन्या दराने आलेलं आहे, मग घाई कसली? मागवायचं असेल तर कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात "डिस्पॅचच्या दिवशीचा दर लागू" असं वाक्य आहे का ते बघा. असेल, तर आज ॲडव्हान्स देऊनही भाव पक्का होत नाही.

माझा कौल देशी मशीनकडे आहे, आणि त्याचं मोठं कारण स्पेअर पार्ट्स. मशीन एकदाच विकत घेतो, पण सुटे भाग वर्षानुवर्षं लागतात. तुमची कमाई इथल्या चलनात, आणि बोर्ड बिघडला की बिल डॉलरच्या भावाने, ही जोखीम छोट्या व्यवसायाला जड जाते. मशीन बंद राहील तितके दिवस ऑर्डरही अडतात. तुमचं बरंचसं बिलिंग परदेशात, डॉलरमध्ये होत असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं. डॉलर चढल्यावर कमाईही चढली असती. पण तुम्ही लिहिलंय की परदेशी ऑर्डर वर्षाकाठी एखाद-दुसरीच.

एकच अट: तुमचं सर्वांत अवघड डिझाइन घेऊन देशी मशीनवर समोर शिवून बघा. दोरा वारंवार तुटत असेल, काठ विस्कटत असेल, तर स्वस्ताईचा उपयोग नाही. मग सहा महिने थांबून आयात मशीनसाठी वेगळी रक्कम साठवा. काम नीट उतरलं, तर कोटेशनवर भाव किती दिवस पक्का आहे ते लिहून घ्या, नेहमी लागणाऱ्या सुट्या भागांची दरयादी मागा आणि मगच ॲडव्हान्स द्या.