वीतभर शार्क आणि पोटाखालचे दिवे

प्रश्न : वर्सोव्याच्या बाजारात मुशी घेत होते, तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीनं सांगितलं की वीतभर लांबीचा, अंधारात चमकणारा शार्क असतो. कोळीणमावशी म्हणाल्या, "असली मुशी आमच्या जाळ्यात कधी आली नाय." कोणाचं खरं?
– एक वाचक, अंधेरी

उत्तर : ताई, दोघींचंही खरं. लेक म्हणते तो ड्वार्फ लँटर्नशार्क. शास्त्रात त्याची नोंद १९८५ साली झाली. कॉलेजात शिकवताना मी कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी वर धरायचे. नर तिच्याहून किंचित लांब झाला की वयात येतो. मोठ्यात मोठा मासा साधारण २१ सेंटिमीटरचा, नवं पिल्लू करंगळीएवढं.

मावशींना तो दिसणार कसा? तो राहतो कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत, २८३ ते ४३९ मीटर खोल. आपल्या मुंबईसमोरचा समुद्र तर दूरवर उथळच आहे.

आता चमकण्याचं. दादर चौपाटीवर मान वर करून घार बघा. ती तपकिरी असते, पण उजळ आभाळाखाली काळीच दिसते. समुद्रातही वरून झिरपणाऱ्या मंद उजेडात माशाची सावली खालच्या शिकाऱ्याला दिसते. या शार्कच्या पोटावर बारीक दिव्यांची दाटी असते. तो पोटाखाली वरच्याइतकाच उजेड पाडतो आणि सावली पुसली जाते. म्हणजे हा लपण्यासाठी उजळतो! इतकी वर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

युरोपाजवळच्या त्याच्या एका भाऊबंदावर बेल्जियमच्या संशोधकांनी प्रयोग केले. काजव्याच्या दिव्यावर मज्जातंतूंचा ताबा असतो, इथे मात्र हार्मोन्सचा. मेलाटोनिन मिळालं की दिवे हळूहळू उजळतात. तुमच्या लेकीच्या शरीराला रात्र झाल्याचं कळवतं, तेच हे मेलाटोनिन. हे तिला नक्की सांगा.

आणखी एक. आपल्या बाजारात नेहमी येणारी चपट्या नाकाची मुशी एका खेपेला डझनभर पिल्लंही देते, आणि ती आईच्या पोटात नाळेवर वाढतात. ड्वार्फ लँटर्नशार्कला पिल्लं दोन-तीनच. त्यांना नाळ नाही. आईच्या पोटातच अंड्यातल्या बलकावर ती वाढतात.