पावसाळ्यात लेझरची लेन्स का तापते?

प्रश्न: साकीनाक्याच्या गाळ्यात आमचा १०० वॅटचा कार्बन डायऑक्साइड लेझर आहे, अ‍ॅक्रिलिक कापतो. जुलैपासून पहिली दहा मिनिटं कट स्वच्छ येतो, मग चीर रुंदावते आणि तळापर्यंत कापलं जात नाही. थोडा वेळ बंद ठेवलं की पुन्हा ठीक. चिलरचं (ट्यूबला थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्राचं) तापमान स्थिर आहे. लेन्स झिंक सेलेनाइडची आहे. दुकानदार म्हणतो, लेन्सचा मालच हलका. खरं आहे का?

उत्तर: आधी हिशेब करू. या लेझरच्या १०.६ मायक्रॉन तरंगलांबीला चांगल्या झिंक सेलेनाइडचं शोषण सेंटिमीटरमागे ०.०००५ च्या आसपास असतं. लेन्स ३ मिलिमीटर जाड धरली तर तिच्या पोटात १०० वॅटपैकी जेमतेम १५ मिलिवॅट अडकतात. कोटिंगसकट (परावर्तन कमी करणारा पातळ थर) नव्या लेन्सचं शोषण साधारण ०.२ टक्के, म्हणजे ०.२ वॅट. लेन्सवर घाण साचून ते २ टक्के झालं की उष्णता दहापट! लेन्सचा मधला भाग तापतो, तिथला अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) वाढतो आणि फोकस वर सरकतो. थंड झाली की मूळ जागी येतो. तुमची लक्षणं हीच आहेत, म्हणजे दोष मालापेक्षा घाणीचा असावा. खात्री करायची तर स्वच्छ जादा लेन्स बसवून पाहा.

घाण बहुधा कॉम्प्रेसरमधून येते. नोझलची हवा लेन्सच्या खालच्या बाजूला लागते आणि पावसाळ्यात टाकीत भराभर पाणी साचतं. पाण्याचा एक मायक्रॉनचा थरही या किरणांची सुमारे ८ टक्के ऊर्जा शोषतो. पाणी उडून तरी जातं, तेल मात्र भाजून चिकटतं. टाकी रोज रिकामी करा, तेल-पाण्याचा फिल्टर बसवा. चिलरचं पाणी दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन जमते, त्याच्या) वर हवं: ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २७ अंश असतो, मग २० अंशाच्या पाण्याने लेझरच्या ट्यूबच्या टोकाला घाम सुटणारच. इतकं गरम पाणी ट्यूबला चालत नाही, म्हणून एसी लावून गाळ्याची हवाच कोरडी करा.

लेन्स पुसताना मशीनचा वीजपुरवठा तोडा, पावडर नसलेले हातमोजे घाला. धूळ रबरी फुग्याने उडवा, तोंडाने फुंकू नका. लेन्सच्या कागदावर शुद्ध अ‍ॅसिटोनचे दोन-तीन थेंब टाका आणि तो न दाबता एकदाच ओढा. दुसऱ्या खेपेला नवा कागद. झिंक सेलेनाइड काचेपेक्षा बरंच मऊ असतं, घासलं की कोटिंग गेलंच. काळा डाग निघत नसेल तर लेन्स बदला. फुटली तर तुकडे हाताने गोळा करू नका, भुकटी विषारी असते.

प्रश्न: माटुंग्याच्या आमच्या कॉलेजात इन्फ्रारेड वर्णपटमापकाची (नमुना कोणता इन्फ्रारेड प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्राची) मिठाची खिडकी दर पावसाळ्यात धुरकट होते. उपाय?

उत्तर: सोडियम क्लोराइड ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. वापर नसताना सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. झिंक सेलेनाइडची खिडकी पाण्याला दाद देत नाही, पण कोटिंग नसेल तर परावर्तनात सुमारे ३० टक्के प्रकाश जातो आणि आम्ल नमुने तिला चालत नाहीत.