'मम्मीला सांग, आजच आण!' कंपनीवर बेळगावात तक्रार करता येते का?

प्रश्न (खानापूर) : नऊ वर्षांचा मुलगा माझ्या मोबाईलवर कार्टून बघतो. मध्येच चिप्सची जाहिरात येते : 'मम्मीला सांग, आजच आण! पाकिटातला कोड टाक, सायकल जिंक!' सायकलीच्या नादात त्याने कोपऱ्यावरच्या दुकानात साडेआठशेची उधारी केली. कंपनी दिल्लीकडची. इथून काही करता येईल?

उत्तर : ताई, आधी दुकानदाराचं. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही. पण वहीत खातं तुमच्या नावावर असेल आणि पोरगा नेहमी त्यावरच सामान आणत असेल, तर हात वर करू नका. पैसे द्या आणि पावती घ्या. तीच पुढे उपयोगी पडेल.

आता कंपनी. मोबाईलवर जंक फूडच्या जाहिरातींना सरसकट बंदी आपल्याकडे नाही. ब्रिटनने पैसे मोजून केलेल्या अशा ऑनलाइन जाहिराती जानेवारी 2026 पासून बंद केल्या. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायद्याखाली 2022 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास त्यांच्या चॅनेलवर चिप्स, शीतपेयांची जाहिरात नको, असं त्यांत आहे. ही तत्त्वं सर्व माध्यमांना लागू असल्याने यूट्यूबही त्यात येतं, असं माझं मत. कंपनीचा वकील मात्र हे फक्त टीव्हीपुरतं म्हणून भांडणार.

तुमचा भक्कम मुद्दा वेगळा आहे. मुलांना थेट 'घे' किंवा 'आईबापाला घ्यायला लाव' म्हणणं या तत्त्वांना चालत नाही. खरेदी केल्याशिवाय भागच घेता येत नाही अशी योजना दाखवून मुलांना खरेदीला लावणंही चालत नाही. तुमच्या जाहिरातीत दोन्ही एका दमात आहेत.

तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे बेळगावात, दोन वर्षांच्या आत केस करता येते. एवढ्या रकमेला फीही नाही. पण साडेआठशेसाठी दर तारखेला खानापूर-बेळगाव करा, असं मी सांगणार नाही. जाहिरात थांबवण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. पहिल्यांदा 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. तिथली तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, म्हणजे आपल्या डीसी ऑफिसात.

अर्ज मराठीत द्या. 'कन्नडमधून आणा' म्हणाले, तर घटनेचं कलम 350 दाखवा : गाऱ्हाणं केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. इंग्रजी प्रतही जोडा. कागद पुढे दिल्लीला गेला, तर तिथे मराठी कोण वाचणार? विचारपूस करायची असेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं.

रिकामी पाकिटं केरात टाकू नका. त्यांवरचा बॅच नंबर, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी लायसन्स नंबर आणि कोड, तिन्ही लागतील. जाहिरात उद्या दिसेलच असं नाही, तेव्हा आजच स्क्रीन रेकॉर्डिंग करा. नुसत्या जाहिरातीचं नको. अकाउंट तुमच्या नावावर आहे, त्यामुळे 'आम्ही मोठ्या माणसाला जाहिरात दाखवली' हा बचाव ठरलेला. म्हणून आधीचं कार्टून, चॅनेलचं नाव, मग जाहिरात आणि नंतर पुन्हा कार्टून, असं सलग रेकॉर्ड करा.